सर्टबॉट रिन्यू करतो म्हणतो, तरी दर तीन महिन्यांनी साइटचं सर्टिफिकेट संपतं: कारण शोधणं आणि कायमचा उपाय

लक्षणं ओळखीची आहेत. एका सकाळी ब्राउझर साइट उघडायला नकार देतो, 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणतो. कोणीतरी सर्व्हरवर लॉगिन करून सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून साइटचं सर्टिफिकेट घेणारा प्रोग्राम) हाताने चालवतं, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करतं, साइट सुरू होते आणि विषय मिटतो. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट साधारण ३० दिवस शिल्लक राहिले की नवं घ्यायला लागतो आणि त्याचा टायमर दिवसातून दोनदा चालतो. सर्टिफिकेट खरोखरच संपलं असेल, तर त्याचा अर्थ असा की महिनाभर रोज दोनदा, म्हणजे साठेक वेळा प्रयत्न फसला किंवा झालाच नाही, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. पूर्वी निदान मुदत संपत आल्याची ईमेल यायची. लेट्स एन्क्रिप्टने ती सोय ४ जून २०२५ पासून बंद केली, त्यामुळे आता पहिली तक्रार थेट वापरणाऱ्याकडून येते.

म्हणून हाताने रिन्यू करून थांबू नका. प्रयत्न कुठे अडतो ते शोधायला बहुतेक वेळा अर्धा तास पुरतो. खालची माहिती उबुंटू आणि डेबियनसाठी आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप करायच्या.

आधी एकच गोष्ट ठरवा: डिस्कवरचं जुनं आहे की साइटवरचं?

या दोन वेगळ्या समस्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बहुतेकांचा वेळ वाया जातो तो हे न तपासता थेट फोर्स-रिन्यूअल (मुदत शिल्लक असतानाही नवं घ्यायला लावणारा पर्याय) मारण्यात. सर्व्हरवर पहिली कमांड ही:

सुडो सर्टबॉट सर्टिफिकेट्स

यात प्रत्येक सर्टिफिकेटचं नाव, सीरियल नंबर, त्यातली डोमेन, मुदत आणि फाइलचा पत्ता दिसतो. हे झालं डिस्कवरचं चित्र. आता साइट प्रत्यक्षात कुठलं सर्टिफिकेट देते ते बघा, शक्यतो सर्व्हरच्या बाहेरच्या मशीनवरून:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट तुमचं-डोमेन:४४३ -सर्व्हरनेम तुमचं-डोमेन < /डेव्ह/नल | ओपनएसएसएल एक्स५०९ -नोआउट -सीरियल -डेट्स

सर्व्हरनेमचा पर्याय गाळू नका. एकाच आयपीवर दोन-चार साइट असतील आणि नाव पाठवलं नाही, तर एनजिनएक्स आपल्या डीफॉल्ट साइटचं सर्टिफिकेट पुढे करतो आणि तुम्ही भलत्याच साइटची मुदत वाचत बसता.

दोन्हीकडचे सीरियल नंबर जुळवा. ओपनएसएसएल तो कॅपिटल अक्षरांत आणि सुरुवातीच्या शून्यासकट छापतो, सर्टबॉट लहान अक्षरांत आणि तो शून्य गाळून. तेवढा फरक सोडून बाकी आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. तारखा जीएमटीत असतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. जीएमटीप्रमाणे रात्री आठला संपणारं सर्टिफिकेट आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता संपतं, म्हणजे कॅलेंडरवर दुसऱ्या दिवशी.

नंबर वेगळे असतील आणि डिस्कवरचं नवं असेल, तर लगेच पुढचा भाग वाचा. दोन्ही जुनेच असतील तर रिन्यू होत नाहीये. त्याची कारणं त्यानंतर येतात.

डिस्कवर नवं, साइटवर जुनं

सर्टबॉटने आपलं काम चोख केलेलं असतं, फक्त ते वेब सर्व्हरला कोणी सांगितलेलं नसतं. एनजिनएक्स सुरू होताना सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी की (गुप्त किल्ली) वाचून मेमरीत ठेवतो. नंतर फाइल बदलली तरी रीलोड होईपर्यंत तो जुनंच देत राहतो. अपाचीचंही तसंच. सर्टिफिकेट मिळवताना एनजिनएक्सचा प्लगिन वापरला असेल तर सर्टबॉट स्वतः रीलोड करतो. पण सर्टओन्ली (फक्त सर्टिफिकेट घेणं) आणि वेबरूट (साइटच्या फोल्डरात फाइल ठेवून तपासणी) वापरून घेतलं असेल, तर रीलोडची जबाबदारी तुमची. सहा महिने सुरळीत चाललेल्या सर्व्हरवरही हे लपून राहू शकतं, कारण मध्ये कधीतरी अपडेटसाठी रीबूट झालेला असतो आणि त्याने नवी फाइल आपोआप उचललेली असते. रीबूट लांबला की सर्टिफिकेट 'संपतं'.

उपाय म्हणजे डिप्लॉय हुक: नवं सर्टिफिकेट मिळालं की सर्टबॉट आपोआप चालवतो ती स्क्रिप्ट. /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय/ या फोल्डरात एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवा. पहिल्या ओळीत नेहमीची शेलची शीबँग (#! ने सुरू होणारी) ओळ, दुसरीत:

एनजिनएक्स -टी && सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स

फाइलला सीएचमॉडने एक्झिक्यूटची परवानगी द्या; ती नसेल तर सर्टबॉट ही फाइल चालवत नाही, आणि हे चुकण्याचं प्रमाण फार आहे. आधी एनजिनएक्स -टी का? कॉन्फिगरेशनमध्ये कोणी अर्धवट बदल करून ठेवला असेल तर तो इथेच पकडला जातो आणि चूक लॉगमध्ये स्पष्ट उमटते. रीस्टार्ट नको, रीलोडच हवा: रीलोडमध्ये जुन्या प्रोसेस हातातली कनेक्शन पूर्ण करून मगच बंद होतात, रीस्टार्टमध्ये ती तुटतात, आणि कॉन्फिगरेशन बिघडलेलं असेल तर सर्व्हर उठतच नाही.

डिप्लॉय हुक सर्टिफिकेट खरोखर बदललं तरच चालतो. ड्राय-रनमध्ये (रिन्यूच्या रंगीत तालमीत) तो सहसा चालत नाही, म्हणून 'ड्राय-रन पास झाला' याचा अर्थ 'रीलोड होईल' असा घेऊ नका. स्क्रिप्ट एकदा रूट म्हणून हाताने चालवून बघा. हुक फसला तरी सर्टबॉट रिन्यूअल यशस्वी मानतो आणि फक्त लॉगमध्ये एरर कोड नोंदवतो, हेही लक्षात असू द्या.

मेलचा सर्व्हर तिथेच असेल तर पोस्टफिक्स आणि डव्हकॉटचा रीलोड त्याच हुकमध्ये घाला. साइट ठीक आणि फक्त आउटलुक तक्रार करतंय, तर नव्वद टक्के कारण हेच धरा. एचएप्रॉक्सीला सर्टिफिकेटची साखळी आणि खाजगी की सहसा एकाच फाइलमध्ये हवी असते, त्यामुळे हुकमध्ये फुलचेन.पेम आणि प्रिव्हकी.पेम जोडून त्याची फाइल बनवावी लागते, मग रीलोड.

जी सर्व्हिस रूट नसलेल्या यूझरखाली चालते, तिची अडचण निराळी आहे. /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्टमधली लाइव्ह आणि आर्काइव्ह ही सर्टिफिकेटची फोल्डरं फक्त रूटला उघडतात. अशा वेळी लोक वैतागून आख्ख्या आर्काइव्हला ७५५ किंवा थेट ७७७ देतात. कृपा करून हे करू नका. त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक डोमेनच्या खाजगी कीपर्यंतची वाट त्याने मोकळी होते. त्याऐवजी हुकमधून हव्या त्या दोनच फाइल सर्व्हिसच्या फोल्डरात कॉपी करा. इन्स्टॉल ही कमांड मालक, ग्रुप आणि परवानगी एका फटक्यात लावते:

इन्स्टॉल -ओ रूट -जी ग्रुपचं-नाव -एम ६४० "$रिन्यूड_लिनिएज/प्रिव्हकी.पेम" सर्व्हिसचं-फोल्डर/

रिन्यूड_लिनिएज हे व्हेरिएबल सर्टबॉट स्वतः भरतो, कॅपिटल अक्षरांत लिहायचं. नुकत्याच बदललेल्या सर्टिफिकेटच्या लाइव्ह फोल्डरचा पत्ता त्यात असतो. एका सर्व्हरवर दहा डोमेन असतील तर हे व्हेरिएबल तपासून 'मेलचं डोमेन असेल तरच डव्हकॉट रीलोड' असंही करता येतं.

शून्य शून्य शून्य एक

सर्टबॉट सर्टिफिकेट्सच्या यादीत तुमच्या डोमेनच्या पुढे -०००१ लागलेलं दुसरं नाव दिसतंय? मग प्रकार असा: कोणीतरी आधीच्या सर्टिफिकेटशी न जुळणाऱ्या डोमेनच्या यादीने नवं सर्टिफिकेट मागितलं, किंवा जुनं फोल्डर अर्धवट डिलीट केलं, आणि सर्टबॉटने वेगळ्या नावाने दुसरी नोंद उघडली. नवं नियमित रिन्यू होतं, पण एनजिनएक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये पत्ता जुन्याचाच असतो. म्हणून 'रिन्यू झालं' हे खरं आणि 'साइटवर संपलं' हेही खरं.

सगळ्या साइटच्या कॉन्फिगरेशनमध्ये एसएसएल_सर्टिफिकेटच्या ओळी ग्रेपने शोधा, कुठला पत्ता कुठे वापरलाय ते बघा, एक नाव पक्कं करून सगळीकडे तेच लिहा. रीलोड करून साइट तपासली की नको असलेलं सर्टबॉटच्या डिलीटने काढा, सर्ट-नेमचा पर्याय देऊन. फोल्डर आरएमने उडवू नका. रिन्यूअल फोल्डरातली कॉन्फ फाइल मागे राहते आणि मग प्रत्येक रिन्यू त्या मेलेल्या नावावर अडखळतो. पुढे डोमेन वाढवायचं असेल तेव्हा सर्ट-नेम देऊन संपूर्ण यादी पुन्हा लिहा, म्हणजे -०००२ जन्माला येणार नाही.

डिस्कवरचंच जुनं: सर्व्हरवर सर्टबॉट किती आहेत?

प्रश्न विचित्र वाटेल, पण 'हाताने चालवलं की चालतं, आपोआप चालत नाही' या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. एक सर्टबॉट कधीतरी एपीटीने बसवलेला, दुसरा स्नॅपने, आणि क्वचित तिसरा पायथनच्या पिपने. तिन्ही एकाच /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्टमध्ये लिहितात. तुम्ही टर्मिनलवर एक चालवता, टायमर दुसराच चालवतो, आणि त्या दुसऱ्याकडे एनजिनएक्सचा किंवा डीएनएसचा प्लगिनच नसतो. लॉगमध्ये 'रिक्वेस्टेड प्लगिन डझ नॉट अपिअर टू बी इन्स्टॉल्ड' ही ओळ दिसली की हे पक्कं समजा. दुसरी खूण म्हणजे 'अटेम्प्टिंग टू पार्स द व्हर्जन' अशी सुरू होणारी इशारावजा ओळ: नव्या सर्टबॉटने लिहिलेली फाइल जुना वाचतोय.

व्हिच -ए सर्टबॉट, स्नॅप लिस्ट, आणि डीपीकेजी -एल मध्ये सर्टबॉट शोधणं, एवढ्यात सगळे सापडतात. मग:

सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स --ऑल

एपीटीच्या पॅकेजचा टायमर सर्टबॉट.टायमर या नावाने दिसतो, स्नॅपचा स्नॅप.सर्टबॉट.रिन्यू.टायमर या नावाने. शेवटचा कधी चालला आणि पुढचा कधी, दोन्ही रकाने वाचा. पिपने बसवलेल्याला टायमर नसतोच. तो तुम्हीच क्रॉनमध्ये लावायचा असतो. इथे एक फसवी जागा आहे. /ईटीसी/क्रॉन.डी/सर्टबॉट ही फाइल बघून पुष्कळ जण निर्धास्त होतात. त्या ओळीची सुरुवात नीट वाचा: सिस्टमडी चालू असेल तर ती काहीच करत नाही, काम टायमरवर सोडते. टायमर कोणी डिसेबल केला असेल तर क्रॉनची ही ओळ तुम्हाला वाचवत नाही. आणि स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये नुसतं सर्टबॉट रिन्यू लिहिलं असेल तर क्रॉनच्या पाथमध्ये स्नॅपचं बिन फोल्डर नसतं. पूर्ण पत्ता लिहावा लागतो.

कुठला ठेवायचा? सर्टबॉट बनवणारे स्नॅपची शिफारस करतात आणि नवी आवृत्ती तिथे लगेच मिळते. एपीटीमधला आवृत्तीने मागे असतो: उबुंटू २२.०४ मध्ये १.२१, डेबियन १२ मध्ये २.१, उबुंटू २४.०४ मध्ये २.९. साध्या वेबरूट किंवा एनजिनएक्सच्या कामाला तोही पुरतो. कुठलाही ठेवा, पण एकच ठेवा. स्नॅपवर जायचं असेल तर क्रम असा पाळा.

पहिल्यांदा /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्टचा टारने बॅकअप घ्या. टार यासाठी, की लाइव्हमधल्या फाइल खऱ्या फाइल नसून आर्काइव्हकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक आहेत आणि टार त्या तशाच ठेवतो. एससीपीने किंवा एफटीपीने हलवलं तर सिमलिंकच्या जागी खऱ्या फाइल बनतात आणि पुढच्या रिन्यूला 'एक्स्पेक्टेड ... टू बी अ सिमलिंक' अशी चूक येते. सर्व्हर बदलताना ही चूक हमखास होते; रूट म्हणून टार किंवा आरसिंक -ए, दुसरं काही नको. बॅकअपमध्ये खाजगी की आहेत, तो वेबरूटमध्ये किंवा सगळ्यांमध्ये शेअर केलेल्या ड्राइव्हवर ठेवू नका.

मग एपीटीने सर्टबॉट आणि त्याचे प्लगिन रिमूव्ह करा, पर्ज नको. नंतर सुडो स्नॅप इन्स्टॉल --क्लासिक सर्टबॉट, आणि /स्नॅप/बिन/सर्टबॉटची सिमलिंक /यूएसआर/लोकल/बिनमध्ये. लगेच सर्टबॉट टाइप केल्यावर 'नो सच फाइल' आलं तर घाबरू नका, बॅशने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. हॅश -आर मारा. डीएनएस प्लगिन लागत असेल तर आधी स्नॅप सेट सर्टबॉट ट्रस्ट-प्लगिन-विथ-रूट=ओके, मग तो प्लगिन स्नॅपनेच. एपीटीचा प्लगिन स्नॅपच्या सर्टबॉटला दिसत नाही. शेवटी:

सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन

टायमर चालतो, पण प्रयत्न फसतो

ड्राय-रन लेट्स एन्क्रिप्टच्या चाचणीच्या (स्टेजिंग) सर्व्हरवर जातो, म्हणून खऱ्या मर्यादांना धक्का न लावता हवा तेवढ्यांदा करता येतो. लॉग /व्हार/लॉग/लेट्सएन्क्रिप्ट/लेट्सएन्क्रिप्ट.लॉग मध्ये असतो. प्रत्येक वेळी नवी फाइल बनते आणि जुन्या .१, .२ होत मागे सरकतात. पायथनचं लांबलचक ट्रेसबॅक सोडून द्या, 'डीटेल' ने सुरू होणारी ओळ शोधा. तिथे खरं कारण असतं.

त्याआधी रिन्यूअल फोल्डरातली तुमच्या डोमेनची कॉन्फ फाइल उघडा आणि ऑथेंटिकेटर ही ओळ वाचा. सर्टिफिकेट पहिल्यांदा ज्या पद्धतीने घेतलं, तीच पद्धत सर्टबॉट कायम वापरतो. तिथे मॅन्युअल लिहिलेलं असेल तर शोध संपला. वाइल्डकार्डसाठी (सगळ्या सबडोमेनना चालणारं सर्टिफिकेट) कोणीतरी डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड हाताने टाकून सर्टिफिकेट घेतलंय. प्रत्येक वेळी नवा रेकॉर्ड लागतो आणि टायमरकडे तो टाकायला हात नाहीत. हे कधीच आपोआप होणार नाही. तुमच्या डीएनएस कंपनीचा प्लगिन असेल तर तो वापरा, एपीआय टोकन फक्त त्या झोनपुरतं मर्यादित घ्या आणि ते ज्या फाइलमध्ये आहे तिला ६०० परवानगी द्या. कंपनी एपीआयच देत नसेल तर _एक्मे-चॅलेंज या नावाचा सीनेम एपीआय देणाऱ्या दुसऱ्या झोनकडे कायमचा वळवता येतो. आणि वाइल्डकार्डची खरंच गरज आहे का हेही विचारा. चार सबडोमेन असतील तर ती नावं लिहून साधं सर्टिफिकेट घेणं कितीतरी सोपं.

ऑथेंटिकेटर स्टँडअलोन असेल आणि पोर्ट ८० ला बाइंड होता येत नाही अशी चूक असेल, तर सर्टिफिकेट एनजिनएक्स बसवण्याआधी घेतलेलं आहे. स्टँडअलोन स्वतः पोर्ट ८० वर उभा राहतो, आता ती जागा एनजिनएक्सने घेतलीय. एनजिनएक्स थांबवायचे प्री आणि पोस्ट हुक लावणं हा अनेक ठिकाणी सुचवलेला उपाय चालतो, पण रिन्यूच्या वेळी साइट बंद पडते. त्यापेक्षा पद्धतच बदला: सर्टबॉट २.३ पासून रीकॉन्फिगर आहे, त्याने सर्ट-नेम देऊन वेबरूट किंवा एनजिनएक्स लावता येतो, तो आधी ड्राय-रन करून मगच बदल जतन करतो. जुन्या आवृत्तीत सर्टओन्ली, त्याच सर्ट-नेमने, नव्या पद्धतीसह.

पोर्ट ८० वर टाइमआउट. एचटीटीपी-०१, म्हणजे साइटवर ठेवलेली चॅलेंजची फाइल उघडून होणारी तपासणी, नेहमी पोर्ट ८० वरूनच सुरू होते. तिथून ४४३ कडे रीडायरेक्ट असला तर चालतो, अगदी ४४३ वरचं सर्टिफिकेट संपलेलं असलं तरी. पण ८० बंद असून चालत नाही. सुरक्षा ऑडिटच्या अहवालात 'पोर्ट ८० बंद करा' असा शेरा येतो, नेटवर्कवाले तो बंद करतात, आणि त्याचा परिणाम दोन महिन्यांनी दिसतो. तोवर दोन्ही गोष्टींचा संबंध कोणाला आठवत नाही. ८० उघडा ठेवून तिथे फक्त चॅलेंजचं फोल्डर आणि बाकी सगळ्याला रीडायरेक्ट, हे ऑडिटरला समजावण्यासारखं आहे. ऐकत नसतील तर डीएनएस-०१, म्हणजे टीएक्सटी रेकॉर्डने होणारी तपासणी. सर्व्हरवरची यूएफडब्ल्यू ही फायरवॉल आणि क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप हे दोन वेगळे दरवाजे आहेत, दोन्ही तपासा.

फक्त भारतातल्या आयपींना परवानगी देणारी फायरवॉल हे आपल्याकडचं खास कारण. बँका, सहकारी संस्था, शासकीय कामं करणारे सर्व्हर यांवर हा नियम सर्रास असतो. लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी जगातल्या अनेक ठिकाणांहून तपासणी करतं, जेणेकरून कोणी एका जागची वाट वळवून फसवू नये. लॉगमध्ये 'ड्युरिंग सेकंडरी व्हॅलिडेशन' हे शब्द असतील तर काही ठिकाणांहून साइट दिसतेय आणि काही ठिकाणांहून नाही, हे नक्की. त्यांचे आयपी ते जाहीर करत नाहीत आणि ते बदलत राहतात, तेव्हा अमुक आयपी उघडा असं नेटवर्कवाल्यांना सांगण्यात अर्थ नाही. चॅलेंजच्या पत्त्यापुरती देशबंदी उठवा, किंवा डीएनएस-०१ वापरा; त्यात तुमच्या वेब सर्व्हरला कोणी हातच लावत नाही. डीएनएस सर्व्हर मात्र जगभरातून दिसायला हवा.

आयपीव्ही६ चा जुना रेकॉर्ड. सर्व्हर बदलताना ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ पत्ता) बदलला, चार-ए (आयपीव्ही६ पत्ता) राहून गेला. चार-ए रेकॉर्ड असेल तर लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६ वर जातं. तिकडे कोणीच नसेल तर ते आयपीव्ही४ वर परततं, पण जुना सर्व्हर अजून जिवंत असून ४०४ देत असेल तर तेच अंतिम उत्तर मानलं जातं. ऑफिसातून साइट नीट दिसते कारण तुमचं कनेक्शन आयपीव्ही४ चं आहे. डिगने दोन्ही रेकॉर्ड बघा. चुकीचा असेल तर दुरुस्त करा किंवा काढून टाका.

४०४ आणि ४०३. वेबरूटचा पत्ता कॉन्फ फाइलमध्ये एक आणि एनजिनएक्समध्ये दुसरा, हे नेहमीचं. साइट नोड किंवा टॉमकॅटकडे प्रॉक्सी केली असेल तर चॅलेंजची विनंतीही तिकडेच जाते. ४०३ चं कारण मात्र बारकाईने बघण्यासारखं आहे. .गिट किंवा .एनव्ही फाइल बाहेर दिसू नयेत म्हणून टिंबाने सुरू होणारे सगळे पत्ते अडवणारा रेग्युलर एक्स्प्रेशनचा लोकेशन ब्लॉक पुष्कळ कॉन्फिगरेशनमध्ये असतो. तो चांगला आहे, ठेवाच. पण .वेल-नोन हेही टिंबानेच सुरू होतं आणि तेही त्यात अडकतं. पोर्ट ८० च्या सर्व्हर ब्लॉकमध्ये हे घाला:

लोकेशन ^~ /.वेल-नोन/एक्मे-चॅलेंज/ { रूट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/लेट्सएन्क्रिप्ट; }

^~ ही खूण महत्त्वाची. ती असली की एनजिनएक्स पुढचे रेग्युलर एक्स्प्रेशनचे ब्लॉक तपासतच नाही, प्रॉक्सीलाही पाठवत नाही. रीडायरेक्ट सर्व्हर ब्लॉकमध्ये मोकळा लिहिला असेल तर तो लोकेशन / च्या आत हलवा, नाहीतर तो या ब्लॉकच्या आधीच लागू होतो. मग त्या फोल्डरात एक्मे-चॅलेंजपर्यंतची वाट बनवून एक चाचणी फाइल ठेवा आणि मोबाइलचा डेटा वापरून, वायफाय बंद करून, ती उघडा. तीच फाइल दिसली की वेबरूटचा हा पत्ता सर्टबॉटला द्या.

डीएनएसमध्ये सीएए रेकॉर्ड (कोणती कंपनी सर्टिफिकेट देऊ शकते ते सांगणारा) असेल आणि त्यात फक्त दुसऱ्या कंपनीचं नाव असेल, तर तुमचं सर्टिफिकेट निघणार नाही. लेट्सएन्क्रिप्ट.ऑर्गची ओळ वाढवा.

.भारत डोमेनवाल्यांसाठी: देवनागरी डोमेन सर्टबॉटला थेट दिलं तर तो नाकारतो, प्युनीकोड मागतो. एक्सएन आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारं रूप काढा आणि तेच सर्टबॉटला द्या, एनजिनएक्सच्या सर्व्हर_नेममध्येही तेच लिहा. सर्टिफिकेटही त्याच रूपात निघतं. ब्राउझर ते पत्त्याशी स्वतः जुळवून घेतो. कॉन्फिगरेशनमध्ये वर मूळ मराठी नाव टिप्पणी म्हणून लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला कुठली साइट आहे ते ओळखू येत नाही.

फोर्स-रिन्यूअलची सवय

त्याच डोमेनच्या यादीसाठी सात दिवसांत पाचच सर्टिफिकेटं मिळतात. सर्टिफिकेट डिस्कवर नवं आहे, साइटवर जुनं दिसतंय, म्हणून कोणी पाच वेळा फोर्स-रिन्यूअल मारलं की कोटा संपतो आणि सहाव्यांदा खरी गरज असताना थांबावं लागतं. पुढची जागा साधारण ३४ तासांनी मोकळी होते. फसलेल्या तपासण्यांची मर्यादा वेगळी: एका खात्यातून एका नावासाठी तासाला पाच. अडकलातच तर यादीत एखादं खरं सबडोमेन वाढवा किंवा कमी करा, यादी बदलली की पाचाचा हिशोब नवा सुरू होतो. क्रॉनमधल्या रिन्यूला फोर्स-रिन्यूअल चिकटवून ठेवलेलं आढळलं तर आजच काढा.

पहारा बाहेरून

ईमेल बंद झाल्यावर पहारा आपणच द्यायचा. डिस्कवरची फाइल तपासणारी स्क्रिप्ट अर्धंच सांगते, रीलोड न झाल्याचं तिला कळत नाही. म्हणून दुसऱ्या मशीनवरून, साइट जे देते तेच तपासा. वरच्या एस_क्लायंटच्या कमांडमध्ये शेवटी -सीरियल -डेट्सऐवजी -चेकएंड १२०९६०० लिहा. हे सेकंद आहेत, १४ दिवसांचे. तेवढ्यात मुदत संपणार असेल तर कमांड शून्याव्यतिरिक्त एक्झिट कोड देते, त्यावर मेल किंवा टेलिग्रामचा मेसेज लावा. मेलचे पोर्ट विसरू नका: ४६५ आणि ९९३ साठी वेगळ्या दोन ओळी. ५८७ असेल तर -स्टार्टटीएलएस एसएमटीपी जोडावं लागतं.

१४ दिवसांचा आकडा ९० दिवसांच्या सर्टिफिकेटसाठी आहे आणि तो लवकरच बदलावा लागेल. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केल्याप्रमाणे सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते, आणि लेट्स एन्क्रिप्ट त्याआधीच, २०२८ मध्ये, ४५ दिवसांवर जाणार आहे. सर्टबॉट ४.० पासून एक तृतीयांश मुदत उरली की रिन्यू होतं, म्हणजे ४५ दिवसांच्या सर्टिफिकेटला शेवटचे १५ दिवस. तेव्हा चौदा दिवसांचा इशारा रिन्यूची संधी सुरू झाल्या झाल्या वाजेल. तो सात दिवसांवर, म्हणजे ६०४८०० सेकंदांवर आणावा लागेल. आणि कोणाच्या क्रॉनटॅबमध्ये 'दर महिन्याच्या एक तारखेला सर्टबॉट रिन्यू' अशी ओळ असेल, तर ती ९० दिवसांत कशीबशी निभते, पण पंधरा दिवसांची खिडकी दोन एक तारखांच्या मधे सहज निघून जाते. ती ओळ काढून टायमर इनेबल करा:

सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ सर्टबॉट.टायमर

स्नॅप असेल तर टायमरचं नाव स्नॅपचं. मग चोवीस तासांनी लिस्ट-टायमर्स पुन्हा चालवून 'लास्ट' च्या रकान्यात ताजी वेळ आली आहे ना, तेवढं बघा.